दिलपसंद घोड्यास काढा पाजिल्याची हकीकत

श्री. ज्याने ऊस गोड केला आणि औषध मात्र कडू ठेविले, त्या जगन्नियंत्यास दंडवत घालोन, आणि श्रोते सावध बसले आहेत, निदान बसले आहेत, ऐसे धरोन लिहिणे आरंभिले. शके सतराशे आणि वर काही, विलंबी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते दिवशी प्रातःकाळी राज्यावर संकट आले. शत्रू आला नव्हता. शत्रू आला असता तर काय करावयाचे ते ठरलेले होते; दरवाजे लावावे आणि वकील पाठवावा. हे संकट पागेतून आले. महाराजांचा खासा घोडा दिलपसंद याने दाणा सोडिला.

हा घोडा म्हणजे सामान्य जनावर नव्हे. मागे मोठी लढाई जाहली, तेव्हा ऐन गर्दीत महाराज "पुढे! पुढे!" म्हणोन गर्जत असता याने आपले अकलेने तोंड फिरविले आणि महाराजांस थेट वाड्याचे दारी आणोन सोडिले. वैरी त्यास पळ म्हणतात. आमचे दप्तरी दूरदृष्टी ऐसे लिहिले आहे. मग महाराजांनी संतोष पावोन त्यास सरदारकी दिली, जरीची झूल दिली, आणि दरबारात गादीचे उजवे हातास उभे राहण्याचा मान दिला. घोडा नित्य दरबारात उभा राही, मसलती ऐके आणि मधोन मधोन कान हालवी. दरबार उठला म्हणजे महाराजांनी भाकरीचा एक घास आपण घ्यावा आणि उरली भाकर त्यास चारावी, ऐसा शिरस्ता पडला. दुसरे कोणी काही दिल्यास आधी देणाराचे तोंडाकडे पाही, मग वस्तूकडे पाही, मग पुन्हा तोंडाकडे पाही, आणि पटले तरच खाई.

तर दावलजी शालोत्री, म्हणजे पागेतील घोड्यांचा वैद्य, याने घोड्याचे पोटास कान लाविला, बराच वेळ लाविला, इतका की झोप लागली की काय ऐसे लोकांस वाटले, आणि मग उठोन म्हणाला, "हुजूर, पोटात जंत झालेत आणि शूळ धरलाय. सूर्य मावळायच्या आत औषध पोटात गेलं तर घोडा आपला. नाही तर..."

"नाही तर काय?" महाराज म्हणाले.

"नाही तर हुजूर, मी जरा गावी जाऊन येईन म्हणतो."

महाराजांचे डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, "दावलजी, राज्य गेलं तर दुसरं बघू. हा गेला तर मी कुणाशी बोलू? तू इथून हलायचं नाहीस." मग दावलजीने औषधाची गोळी करोन गुळात घातली, आणि घोड्याने गूळ खाल्ला, आणि गोळी तेवढी जिभेने निवडोन दावलजीचे जोड्यात ठेविली. मग भाकरीत घातली, तर भाकरीच्या कडा खाल्ल्या आणि मधला गोळीचा तुकडा ठेविला. मग काडेचिराईत, कडुनिंब, हिंग आणि एरंडेल यांचा काढा उकळोन बांबूच्या नळकांड्याने पाजावा ऐसा विचार जाहला, आणि चौघे धट्टेकट्टे मोतद्दार, म्हणजे पागेतील चाकर, घोड्यास धरावयास गेले, आणि ते चौघे हल्ली हळद लावोन घरी आहेत. नळकांडे अद्याप सापडले नाही.

हे वर्तमान विसाजीपंत कारभारी यांचे कानी गेले. पंतांची वाहवा राज्यात प्रसिद्ध होती. महाराज गाऊ लागले तरी वाहवा, थांबले तरी वाहवा. महाराजांस शिंक आली तर पंतांनी तीत राग ओळखावा. पंत पागेत येवोन, नाकास उपरणे लावोन बोलिले, "अहो दावलजी, हे वैद्यकीचं काम नव्हे, ही मसलत आहे. सरदाराला कोणी नळीनं पाजतं का? दरबार भरवा. मानकऱ्यांनी एकेकानं काढा चाखायचा आणि वाहवा म्हणायचं. एवढे थोर लोक गोड म्हणतात म्हटल्यावर घोडा काय, घोड्याचा बाप पिईल."

"पंत, फार कडू आहे हो," दावलजी म्हणाला.

"आमचा जन्म यातच गेलाय," पंत म्हणाले.

मग दरबार भरला, आणि भालदार ललकारले, आणि काढा चांदीचे बोगण्यात घालोन आणिला, आणि घोडा आपले जागी उभा केला. त्याचे अंगास घाम सुटला होता आणि पाय कापत होते. पंतांनी पहिला चमचा घेतला. डोळे पांढरे जाहले, शेंडी ताठ जाहली, तरी "वाहवा! काय माधुर्य!" ऐसे म्हणाले. मग सारे मानकरी क्रमाने पुढे आले आणि कोणी "अमृत!" म्हणाला, कोणी "आणखी आहे का?" म्हणोन मागे सरला. घोड्याने एकेकाचे तोंडाकडे नीट पाहिले आणि सगळे संपल्यावर सावकाश वळोन दरबाराकडे पुच्छ केले. कारण की हीच वाहवा त्याने याच जागी उभे राहोन आजवर ऐकिली होती. नदीत वाळूचा बंधारा घालावयाचे ठरले तेव्हा हीच होती, आणि बंधारा पहिल्या पुराबरोबर गेला. ज्या वस्तूस पंत वाहवा म्हणतात ती तोंडी लावू नये, इतके घोड्यास कळत होते. महाराजांस कळावयाचे होते.

तेव्हा चिकाचे पडद्याआडोन आईसाहेब, म्हणजे महाराजांच्या मातोश्री, बोलिल्या, "पुरे झाला तमाशा. काय रे, रोज तो कुणाचं उष्टं खातो?"

"माझं, आईसाहेब."

"मग तू का नाही पीत?"

महाराज तोफेस भीत नसत, परंतु लहानपणी काढ्याचे नाव काढिले की धान्याचे कणगीत जावोन बसत, हे वाड्यात सर्वांस ठाऊक होते आणि बोलत कोणी नसे.

महाराज म्हणाले, "पण मला काही झालेलं नाही."

"झालं होतं तेव्हाही हेच म्हणायचास."

"थोडा मध घालून चालेल का?"

"मधानं गुण जातो, हुजूर," दावलजी म्हणाला.

विसाजीपंत पुढे होवोन म्हणाले, "महाराज मनात प्याले तरी पोचतं, असा शास्त्रार्थ काढता येईल."

तितक्यात घोड्याने मान वळविली आणि आपले कपाळ महाराजांचे छातीस टेकले, आणि पश्चिमेचे खिडकीतून ऊन तिरपे आत आले. मग महाराजांनी बोगणे उचलिले, डोळे मिटले आणि दोन मोठे घोट घेतले. ते समयी महाराजांचे मुखाचे जे जाहले ते लिहिण्यास लेखणी धजत नाही. नाक कपाळाकडे गेले, ओठ कानाकडे गेले.

"वाह..." पंत आरंभ करीत होते.

"पंत, तोंड मिटा," आईसाहेब म्हणाल्या.

महाराज घोड्याचा कान धरोन म्हणाले, "कडू आहे रे. फार वाईट आहे. तुला खोटं नाही सांगत. पण मी प्यालो. आता तू पी, बाबा."

घोड्याने महाराजांचे तोंडाकडे पाहिले, मग काढ्याकडे पाहिले, मग पुन्हा तोंडाकडे पाहिले. त्या दरबारात खरे बोललेले त्याने प्रथमच ऐकिले. मग त्याने बोगण्यात तोंड घातले आणि तळ दिसेतोवर काढा प्याला. शेवटचा घोट मात्र गालात धरोन सावकाश चालत विसाजीपंतांपाशी गेला आणि त्यांचे नवे अंगरख्यावर सोडिला.

घोडा दुसरे दिवशी दाणा खाऊ लागला आणि दावलजीस सोन्याचे कडे मिळाले. काढा घोड्याचे मापाचा होता, म्हणोन महाराजांचा मुक्काम काही काळ महालाचे मागील अंगास, परसाकडे, राहिला. त्या अवधीत शेजारचे राज्याचा वकील आला, त्यास "महाराज मोहिमेवर आहेत" ऐसे सांगितले, आणि ते असत्य नव्हते. पुढे दरबार पूर्ववत भरला आणि विसाजीपंतांनी वाळूचे बंधाऱ्याची मसलत पुन्हा मांडिली, आणि सर्व मानकरी "वाहवा" म्हणाले. महाराजांनी शिक्का उचलिला, आणि उजवीकडे पाहिले. घोडा हळूहळू पाठ फिरवीत होता. महाराजांनी शिक्का खाली ठेविला.

"राहू द्या, पंत."

"महाराज, सगळा दरबार वाहवा म्हणतोय!"

"तोही तेच सांगतोय," महाराज घोड्याचे पाठीकडे बोट करोन म्हणाले.

ऐसा प्रकार जाहला. घोडा वाचला, महाराज वाचले, नदी वाचली. अंगरखा वाचला नाही. जे घडले ते उतरोन ठेविले आहे. वाचणारास कडू लागल्यास त्याने मध घालू नये, गुण जातो.