अकरा टक्के पोटॅशियम

लग्नात मी ज्या दगडावर पाय ठेवला, तो माझ्याबरोबर सासरी नांदायला आला. रीत अशी, की दगड परत गेला तर नवरीही परत जाते.

माझे वडील, अप्पा, कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. ऐन मुहूर्तावर सहाण सापडेना, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातला एक नमुना पायाखाली सरकवला. तपकिरी, अभ्रकाने चमचमणारा. साताऱ्याला सासूबाईंनी त्याला ओवाळलं. "आमच्यात काळाच लागतो," त्या म्हणाल्या. "पण आलाच आहात, तर बसा."

"बसतोच मी," दगड म्हणाला.

सासरे, म्हणजे नाना, मूत्रपिंडाचे रुग्ण. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या आहारतज्ज्ञ घळसासीबाई आल्या. घरात नवीन काय आलंय, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी दगडासोबत दिलेला त्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल मी पुढे केला.

"सोडियम जवळजवळ नाही. मीठ कमी, छान." मग त्यांनी चष्मा काढला. "पोटॅशियम ऑक्साइड अकरा टक्के? नानांना केळं बंद, शहाळं बंद, आणि दिवाणखान्यात हे?"

"मी कुणाला काही देत नाही," दगड म्हणाला. "माझं बहुतेक पोटॅशियम ल्युसाइटच्या स्फटिकांत घट्ट बसलंय."

"बटाटाही असंच म्हणतो."

ठरलं ते असं : नानांचा बटाटा पोटॅशियम उतरावं म्हणून भिजवतात, तसंच दगडाला रोज दोन तास कोमट पाण्यात ठेवायचं. आठ दिवसांनी पाणी तपासायचं. त्यात पोटॅशियम उतरलेलं निघालं, तर पाहुणे परत.

मी रोज घंगाळ भरत होते आणि कपाटातल्या साड्या घडी करून बॅगेत ठेवत होते.

"अगं, दोनच पाणी झालीत," निनाद, माझा नवरा, म्हणाला. "लगेच काय आवरतेस?"

"इस्त्री राहते," मी म्हटलं.

"आत्ता कुठे तुला माझा चहा आवडायला लागलाय."

"आवडत नाही. पिते."

तो बॅगेवरच बसला.

नवव्या दिवशी अहवाल आला. पाण्यात पोटॅशियम नोंद घेण्याइतकं नव्हतं. दगडाचं वजन मात्र सहा ग्रॅमने वाढलं होतं.

सासूबाईंनी तो आकडा दोनदा वाचला. "इथलं पाणी मानवलं की हो तुम्हाला!"

"बरं आहे पाणी," दगड म्हणाला.

मग त्यांनी मला खालून वर पाहिलं. "ही मात्र आल्यापासून उतरलीय. उद्यापासून हिलाही दोन तास ठेवा."

घंगाळ मोठं आणलंय. दगड भिंतीकडच्या बाजूला असतो, मी नळाकडच्या.