छपाईच्या रांगेत बेचाळीस

"किती वर्षांचा आहे हा?" दुरुस्तीवाल्या बाईंनी संगणकाच्या डब्याचं झाकण काढत विचारलं.

"माझ्या टेबलावर अकरा वर्षं आहे," जावककाका म्हणाले.

"आणि आजपर्यंत जिवंत होता?"

त्यातला 'होता' काकांना लागला. त्यांनी नकळत बाकाकडे पाहिलं. बाकावर आवकवहिनी बसल्या होत्या. महिन्याचा पहिला सोमवार होता.

वजनमापं तपासणाऱ्या त्या कार्यालयात येणारे कागद एक कारकून घेई आणि जाणारे दुसरा पाठवी. घेणारा तो आवक, पाठवणारा तो जावक. दोघांची घरची नावं पगारपत्रकापुरती उरली होती. आवक सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांची खुर्ची अजून शेजारीच होती. तिच्यावर आता फायली बसत.

संगणकाचं दुखणं जुनं होतं. सकाळी बटण दाबून काका टेबल पुसत, दोन्ही नोंदवह्यांत रेघा आखत, पाणी भरून आणत, तरी तो कण्हतच असे. शेवटी साहेबांनी नवी एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, मंजूर केली. साहेब काहीही मंजूर करत. ते कागद वाचत नसत. कागदाखालची मोकळी जागा तेवढी पाहत.

"जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या एसएसडीत उतरवते," बाई म्हणाल्या. "जसंच्या तसं."

"सगळं?"

"तुम्ही विसरलात तेसुद्धा."

काका काही विसरले नव्हते, हीच तर अडचण होती.

सहा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आवक छातीवर हात दाबत याच संगणकावर रजेचा अर्ज टंकत होते. प्रिंटर साहेबांच्या खोलीत. आवकांनी छपाईचं बटण दाबलं आणि म्हणाले, "कागद तिकडे निघेल रे. मी निघतो, कसंतरीच होतंय." काकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. पण तिकडे कागद निघाला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भुवया चढवून विचारलं, "अर्ज केला होता का त्यानं? तुम्ही पाहिलात?" त्या भुवयांकडे बघून काका म्हणाले, "नाही, साहेब." मग आवकांच्या सेवापुस्तकात काकांनीच आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: विनापरवानगी गैरहजर. अकराव्या दिवशी आवक गेले. ओळ राहिली.

त्या एका ओळीसाठी वहिनी दर महिन्याला येत. "भाऊजी, हे मला न सांगता कधी दाराबाहेर चप्पल घालत नव्हते. ते न सांगता रजेवर जातील?" काका त्यांना पाणी देत. याहून जास्त त्यांना कधी जमलं नाही.

त्या शुक्रवारपासून काकांच्या संगणकावरून प्रिंटर चाललाच नाही. वायर गेली असेल, असं साहेब म्हणाले आणि तेच निदान कायम झालं. काका पेनड्राइव्ह घेऊन साहेबांच्या दाराशी उभे राहत. मात्र या बिघाडाची त्यांना हळूहळू गोडी लागली. तोंडाने जे बोलवत नसे ते सगळं ते टंकत, छपाईचं बटण दाबत आणि मजकूर पुसून टाकत. कुठेही काही होत नसे. बोलल्याचं समाधान मिळे आणि नोकरीही राही.

दुपारी जुनी डिस्क टेबलावर आली. काकांनी बोट लावलं. अजून कोमट होती. बाईंनी नवी बसवून बटण दाबलं, आणि काका पाण्याची बाटली उचलतात तोच पडदा उजळून तयार. इतक्या घाईनं कामाला लागलेलं त्या कार्यालयात आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"काका, वायर चांगली आहे," बाई म्हणाल्या. "छपाईच्या रांगेत पहिलाच कागद अडकलाय. सहा वर्षांपूर्वीचा. 'कामात विलंब खपवून घेतला जाणार नाही.'"

"ती साहेबांची सूचना."

"तिच्यामागे बेचाळीस उभे आहेत."

"पण मी तर सगळं पुसलं होतं!" काका म्हणाले.

"लिहिलेलं पुसलंत. छपाईला दिलेली प्रत रांगेतच राहते. काढू पहिल्याला?"

"नको!"

"काढा, काढा!" साहेब आतून ओरडले. "स्वच्छ करा सगळं!"

बाईंनी सूचना काढली. साहेबांच्या खोलीत प्रिंटर घरघरला. पाठोपाठ साहेब एक कागद चिमटीत धरून दारात आले.

"जावक, हा काय चावटपणा? मेलेल्या माणसाचा रजेचा अर्ज?"

वहिनी बाकावरून उठल्या. बाईंनी प्रिंटर थांबवला.

"यांचा अर्ज?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे केला होता!"

"आज कोणीतरी टंकलाय," साहेब म्हणाले. "पुरावा काय?"

"छापून गेला तो यादीतून गेला," बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "पण त्याच्या मागचा बघा, त्याच महिन्यातला. हा त्याच्यापुढे होता, म्हणजे त्याच्याही आधीचा."

"मग तो मागचा काढा. कोणाचा आहे?"

"माझा," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, एका बटणात सगळं जाईल. पुसू का?"

काकांनी नोकरी आठवली, भुवया आठवल्या. मग वहिनींचे हात दिसले. त्या कागदाला हात लावू की नको, अशा विचारात उभ्या होत्या.

"छापा," काका म्हणाले. "सगळे."

प्रिंटरनं सहा वर्षांचा श्वास एकदम सोडला. साहेब आत धावले, मागोमाग काका. साहेबांनी पहिला कागद उचलला. "'मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो. आवकांनी माझ्यासमोर...' जावक, हे काय..." एवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. साहेबांनी तो मानेत धरला, "हो सर, हो सर" सुरू झालं आणि उजवा हात सवयीनं पेनकडे गेला. काकांनी रजेचा अर्ज पुढे सरकवला. खाली 'मंजूर' उमटलं. मग कबुलीजबाब. मंजूर. मग एकामागून एक: साहेबांनी वहिनींची माफी मागावी. मंजूर. साहेबांना कागद वाचण्याचं प्रशिक्षण द्यावं. मंजूर. साहेबांच्या भुवयांबद्दल चार पानं. मंजूर. शेवटून तिसरा काकांचा राजीनामा होता. काकांचा हात क्षणभर अडखळला, पण पेन वाट बघत होतं. मंजूर.

बाहेर येऊन काकांनी सेवापुस्तक उघडलं, ती ओळ लाल शाईनं खोडली आणि वर लिहिलं: रजा मंजूर. मग कबुलीचा कागद वहिनींपुढे ठेवला.

वहिनींनी तो सावकाश, दोनदा वाचला.

"बहात्तर सोमवार, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र आठवणीनं द्यायचात."

याचं उत्तर काकांनी एरवी टंकून पुसलं असतं. त्यांनी राजीनाम्यावर जावक क्रमांक घातला, वही मिटली, जेवणाचा डबा उचलला. संगणक बंद व्हायला दोन सेकंदही लागले नाहीत. आत साहेब अजून "हो सर" म्हणत होते.

जिन्यावर वहिनी चार पायऱ्या पुढे होत्या. वळणावर त्या थांबल्या; मागे मात्र पाहिलं नाही.

"साहेबांना सांगून निघालात ना?"

"लेखी."

"मंजुरी घेतलीत?"

"घेतली."

"बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर इथे गैरहजर लावतात."