खिशातला वॉशर

आमच्या वास्तुशांतीला कुणी घड्याळ दिलं, कुणी गणपती दिला, माझ्या नणंदेनं पडदे दिले आणि पुढं वर्षभर ते सांगितलं. शेजारच्या प्रभाकरकाकांनी आणली वाळू भरलेली बाटली. साधी प्लास्टिकची लिटरची बाटली, आत गच्च वाळू आणि झाकणाला हळदकुंकवाचं बोट. मला वाटलं, रामकुंडावरची नाहीतर त्र्यंबकची काही पवित्र वाळू असेल. मी बाटलीला नमस्कार केला आणि देवघराकडे निघाले.

"अगं अगं, तिकडे कुठं? संडासात!" काका ओरडले.

तेही भटजींसमोर. भटजी हातात पळी धरून बघतच राहिले. काका सरळ आत गेले, फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं, बाटली आत उभी केली आणि बाहेर येऊन जमलेल्या पाहुण्यांना समजावलं, की बाटलीनं जागा अडवली, आता दर फ्लशला लिटरभर पाणी कमी जाणार. "काम तेच, पाणी कमी. आहेर म्हणतात तो हा," म्हणाले. "घड्याळ काय, बंद पडेल."

घड्याळ खरंच बंद पडलं. बाटली अजून आहे.

प्रभाकरकाका मूळचे मनमाडचे. आमच्या नाशिक जिल्ह्यात एवढं सांगितलं की पुढचं कळतं, बाहेरच्यांसाठी सांगते. मनमाडचं नळाचं पाणी म्हणजे मोठ्या घरचा जावई. कधी येईल नेम नाही, आणि आला की हातातली कामं टाकून त्याच्यामागं धावायचं. काका लहानपणी शाळेपेक्षा हंड्यांच्या रांगेत जास्त शिकले, असं तेच सांगतात. पुढं नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. तिथं कोण कुठल्या कपाटामागं कुजबुजतंय हे ऐकण्यात उभी नोकरी गेली. आता बघा, मनमाडचा जीव आणि ग्रंथपालाचे कान! असा माणूस निवृत्त होऊन आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. भोग आमचे, दुसरं काय.

त्यांची न् आमची बाथरूम पाठीला पाठ लावून. माझा नळ जरा जास्त वाहिला की भिंतीवर टकटक, आणि एकच शब्द, "नळ!" डोक्याला शाम्पू लावलाय, डोळ्यांत फेस गेलाय, हाताला तांब्या लागत नाहीये, आणि भिंतीतून आकाशवाणी, "नळ!" मी कितीदा मनात ठरवलं, एक दिवस या माणसाच्या दारावर अशीच टकटक करून त्यांचाच शब्द त्यांना ऐकवायचा. पण सापडतील तर शपथ. आमचे हे दाढी करताना नळ सोडून ठेवायचे. लग्न झाल्यापासून मी कानीकपाळी ओरडत होते, ऐकलं नाही. भिंतीचं मात्र ऐकलं. आता मुकाट मग घेऊन बसतात.

लोकांच्या खिशात सुपारी असते, तंबाखू असते. काकांच्या खिशात वॉशर. पानाच्या जुन्या डबीत रबराचे सगळ्या मापांचे वॉशर आणि सोबत एक बुटका पाना. बारसं असो, सत्यनारायण असो, हा माणूस आधी यजमानांची मोरी बघून येणार. माझे चुलत सासरे गेले तेव्हा भेटायला आले होते. बायका रडायच्या जरा थांबल्या, तेवढ्यात काकांना आतून थेंब ऐकू आला. उठले, आत गेले, नळ खोलून दुरुस्त करून आले आणि पुन्हा तोंड पाडून बसले. निघताना चुलत सासूबाईंना म्हणाले, "देवाची इच्छा. नळाची काळजी करू नका. माझ्या हातचा वॉशर आहे, दहा वर्षं बघायला नको."

उन्हाळ्यात धरण खाली गेलं की महापालिका आठवड्यातून एक दिवस पाणी बंद ठेवते. पाइप लावून गाड्या धुवायच्या नाहीत, धुतल्या तर दंड, असं पेपरात येतं. आम्ही कपाळाला आठ्या घालतो. काकांकडे सण असतो. बातमीचं कात्रण जिन्यात चिकटवतात आणि खाली एक फेरी मारून येतात. मागं तळमजल्यावरचा एक जण नवी गाडी पाइपानं न्हाऊ घालत होता. काकांनी पाठीमागून पाइप दुमडला आणि धरून उभे राहिले.

"आदेश आहे!"

"काका, पाणी माझं, बिल मी भरतो."

"बिल तुझं रे बाबा. गंगा तुझी नाही."

पोरगं तावातावानं बोलत राहिलं, काका पाइप धरून राहिले. शेवटी त्यानं फडकं आणलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात लग्नाची मुलगी होती.

पल्लवी त्यांची एकुलती एक. सातपूरला एका कंपनीत नोकरी, बोलायला गोड, कामाला वाघ. स्थळं येत होती. पण काकांच्या कमोडला आहेत दोन बटणं, एक लहान, एक मोठं. बघायला आलेला मुलगा "जरा आत जाऊन येतो" म्हणाला की काका पॅसेजमध्ये कान देऊन उभे. पहिला मुलगा पुण्याचा. स्वतःचा फ्लॅट, दिसायला राजबिंडा. पाहुणे जिना उतरले आणि काका म्हणाले, "नको."

"अहो, का पण?" काकू.

"लहान कामाला मोठं बटण."

दुसऱ्यानं लहान दाबलं, पण दोनदा. तिसऱ्यानं काहीच दाबलं नाही. "तो तर त्याहून वाईट," काका म्हणाले, आणि तिथं मात्र आम्हाला सगळ्यांना पटलं.

सुमनकाकू माझ्या ओट्याशी येऊन डोळे पुसायच्या. "मीना, माझी लेक या फ्लशपायी बिनलग्नाची राहते बघ." मला राहवलं नाही. गेले आणि तोंडावर बोलले, "काका, लग्न माणसाशी लावायचंय, बटणाशी नाही!"

"जो न बघता बटण दाबतो," काका म्हणाले, "तो उद्या माझ्या पोरीचं दुखलं-खुपलं तरी न बघताच पुढं जाईल."

डोकं आपटायला भिंत होती, पण तिच्यापलीकडेही हेच.

शेवटी पल्लवीनंच मुलगा आणला. कंपनीतलाच.

"नाव?" काकांनी विचारलं.

"सागर."

"झालं!"

त्यात निफाडचा. घरची द्राक्षबाग, विहीर, दारावरून वाहता पाट. "पाटाच्या पाण्यावर वाढलेलं पोरगं! याला पाण्याची काय किंमत?" त्यावर काकू पहिल्यांदा चवताळल्या. त्या स्वतः निफाडकडच्याच. "माझ्या बापानं मला मनमाडला दिली तेव्हा अख्खा गाव नको म्हणत होता. मी बोलले का काही? माझ्या पोरीला वाहतं पाणी मिळतंय तर मिळू द्या की!" शेवटी निफाडला घर बघायला जायचं ठरलं. आधाराला मला नेलं.

बैठकीत चहा आला, चिवडा आला, काका आत गेले ते गेलेच. चहावर साय धरली. सागरची आई माझ्या कानाशी लागली, "लय येळ झाला. पावण्यांचं पोट बिघडलं का काय? ओवा देऊ का थोडा?" पल्लवी जमिनीत जायची बाकी होती. अखेर काका बाहेर आले, सदऱ्याच्या बाह्या वर, कोपरापर्यंत ओले.

"फ्लश गळत होता तुमचा. रात्रंदिवस. आता नाही गळणार. माझ्या हातचा वॉशर आहे, दहा वर्षं बघायला नको."

सागरचे वडील मोकळेपणानं हसले. "आमच्याकडं पाण्याला काय तोटा हाय, सर? पाट वाहतोय की दारात!"

पल्लवीचा चेहरा उतरला. काकांनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि निघायला उठले. काकू गाडीत रामरक्षा म्हणत होत्या.

पुढच्या रविवारी सागरला घरी बोलावलं. कशाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी जिन्यात पल्लवीचं फोनवर बोलणं मी या कानांनी ऐकलंय, "बटणाला हातच लावू नकोस. डाव्या हाताला बादली आहे, वॉशिंग मशीनच्या पाण्याची. त्यातलंच टाक. आणि नळ आधी नीट बंद कर, मग कडी काढ."

सागर आला, पोहे खाल्ले आणि बळीच्या बकऱ्यासारखा उठून आत गेला. काका पॅसेजमध्ये, काकू देवापुढे. मी माझ्या घरात भिंतीला कान लावून. हो, लावला. पलीकडे मगानं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग शांतता. एक थेंब नाही. आणि मग काकांचा आवाज आला, "बसा सागरराव. अर्धा कप चहा घ्याल ना?"

जमलं!

नंतर मी चिडवलं, "काका, पोरगं अभ्यास करून आलं होतं हं."

"मला कळत नाही होय? पल्लवी जिन्यात कुजबुजत होती. कुजबुज ऐकण्याचाच पगार खाल्लाय मी."

"मग?"

"तिनं सांगितलं आणि त्यानं ऐकलं. बास झालं. बटणाचं काय, शिकेल."

लग्न थाटात झालं, पाणी सोडून. "अर्धा ग्लास भरा, लागला तर परत द्या," असं काका पंगतीत फिरून सांगत होते. मुलाकडचे एक मामा रुसले, अर्ध्या ग्लासावर बोळवण करता का म्हणून. काकांनी दुसरा अर्धा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला. "घ्या. झाला पुरा."

पाठवणीला पल्लवी गळ्यात पडून रडली. काकू रडल्या, मी रडले, सागरची आईसुद्धा रडली. काका मात्र कोरडे ठणठणीत. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, "सांभाळून राहा" म्हणाले, आणि गाडी हॉलच्या फाटकातून वळते न वळते तोच पाहुण्यांनी अर्धवट टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले. झाडांना घालायला! मला असा संताप आला. बाई गं, लेक चालली आणि हा माणूस बाटल्या वेचतोय. तोंडावर नाही, पण मनात पुष्कळ बोलून घेतलं.

संध्याकाळी मी खिचडीचं पातेलं घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. आणि बाथरूममध्ये नळ वाहत होता. साधासुधा नाही, पूर्ण सोडलेला, खाली बादलीसुद्धा नाही, धो धो फरशीवर. दार आतून बंद. आला की माझा दिवस! पातेलं ठेवलं, पदर खोचला, दारावर टकटक करायला हात उचलला, "न..." एवढं तोंडातून निघालंही, आणि काकूंनी मागून माझं मनगट धरलं.

"राहू दे गं. आज वाहू दे."

मग मला पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकू आला. बापडा माणूस! दुपारपासून दाबून धरलं होतं आणि मी मेली काय काय बोलले मनात. माझे डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला. काका बाहेर आले. डोळे लाल, तोंड धुतलेलं.

"वॉशर गेलाय," माझ्याकडे न बघता म्हणाले. "नळ बंदच होईना."

"जुना झाला असेल, काका," मी म्हटलं. डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दिसत होती.

"उद्या बदलतो."

मी खिचडी वाढली. कुणी घास उचलेना. तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. काकूंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पोचलो, सगळे चांगले आहेत, जेवण झालं, असं चाललं होतं. काका ताटाकडे बघत बसले होते. मग एकदम फोनकडे वाकून म्हणाले, "पल्लू, तो तिथला फ्लश... गळत नाही ना गं आता?"



"गळतोय, बाबा," पल्लवी म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "खूप गळतोय. तुम्ही बघायला याल का?"

"उद्या सकाळीच येतो!"

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील? नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी निघालात!"

"पाणी प्यायला कुठं जातोय मी?" काका म्हणाले. "बंद करायला जातोय." आणि खिचडी तशीच ठेवून, खिशातली डबी काढून निफाडच्या मापाचा वॉशर शोधायला बसले.