खंजिराचा आहेर

रविकांत मयेकरची शिवांगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. ओमानमधल्या इब्रा गावातलं घर एकदम मोकळं झालं होतं. दोन खोल्यांत रविकांत आणि रेखा एवढी दोघंच, आणि लेकीच्या लग्नात आलेली, अजून न उघडलेली आहेराची खोकी. मस्कतची मंडळी विचारत, "त्या आडगावात तुम्हाला करमतं कसं?" रविकांत हसून सोडून देई. दुपारी खजुरीच्या बागेतून पाटाचं पाणी वाहताना ऐकलं, की त्याला मालवणचं आगर दिसू लागे आणि आपण नेमके कुठे आहोत, हे क्षणभर कळेनासं होई. करमायला तेवढं पुरे होतं.

नोकरीही मानाची होती. शेख मुहन्ना त्या भागातल्या एका कबिल्याचे प्रमुख. गावातली भांडणं मिटवायची, दिलेला शब्द ज्याला त्याला पाळायला लावायचा, हे त्यांचं काम. ते चाले सबल्यात, म्हणजे कबिल्याच्या बैठकीच्या दालनात. रविकांत तिथला जनसंपर्क बघायचा. पाहुण्यांची ने-आण, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाला काय बोलावं, हे आधी दोन्हीकडे सांगून ठेवणं. इतक्या वर्षांत त्याचं कधी चुकलं नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं. चुकायला एवढं पुरतं.

त्या हिवाळ्यात अमेरिकेहून डेल्फीनबाई आल्या. तिकडे लकोटा नावाचे मूळचे लोक आहेत, त्यांच्या जमातीचं स्वतःचं सरकार असतं. बाई त्या सरकारात जनसंपर्काचंच काम करत. दुसऱ्या कबिल्याचा प्रमुख लोकांना कसा धरून ठेवतो, हे त्यांना पाहायचं होतं.

विमानतळावरून येतानाच रविकांतने त्यांना सांगितलं, "बाई, जे आवडेल त्याची मोकळेपणी तारीफ करा. शेख खूश होतील."

मग तो शेखसाहेबांकडे गेला. दोघांचं बोलणं हिंदी-अरबीच्या खिचडीत चाले, आणि मालक म्हणून तो त्यांना 'अर्बाब' म्हणे.

"अर्बाब, बाई कशाची तरी तारीफ करतील. तुम्ही म्हणायचं, घ्या, तुमचंच आहे. त्या नको-नको म्हणतील. झालं."

"नको म्हणतील?"

"आमच्याकडे तर हातात कोंबलं तरी नको म्हणतात. चांगल्या घरची माणसं सगळीकडे सारखीच, अर्बाब."

दुसऱ्या दिवशी सबला भरला. डेल्फीनबाईंची नजर शेखसाहेबांच्या कमरेला गेली. चांदीच्या तारेचं काम केलेला खंजीर, पणजोबांपासून चालत आलेला. बाई हळूच म्हणाल्या, "इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलं नाही."

शेखसाहेबांनी रविकांतकडे पाहिलं. रविकांतने डोळ्यांनी 'होऊ द्या' म्हटलं. शेखसाहेबांनी सगळ्यांदेखत पट्टा सोडला. "हा तुमचा."

बाई उठल्या, दोन्ही हातांनी त्यांनी खंजीर घेतला आणि छातीशी धरला. "आमच्याकडे दिलेलं परत लोटत नाहीत," त्या म्हणाल्या. "तो देणाऱ्याचा अपमान होतो."

रविकांत अजून हसतच होता, कारण हातात कॅमेरा होता.

"आणि ज्याचा मान होतो," बाई पुढे म्हणाल्या, "त्यानेच वाटायचं असतं." त्यांनी बॅगेतून एक गोधडी काढली, मधोमध मोठा तारा शिवलेली, आणि शेखसाहेबांच्या खांद्यांवर घातली. म्हाताऱ्यांना मण्यांच्या माळा दिल्या. मग त्या वळल्या आणि खंजीर रविकांतच्या हातात ठेवला. "ज्याने आपली भेट घडवली, त्याला."

सबल्यात वाहवा झाली. कोणीतरी त्याचाच कॅमेरा घेऊन त्याचा फोटो काढला. त्यात तो दाढ काढायला बसलेल्या माणसासारखा दिसतो.

पाहुण्या गेल्यावर तो खंजीर घेऊन धावला. "अर्बाब, हा घ्या."

"कोणाचा आहे?"

"तुमचा."

"मी दिला. सगळ्यांनी पाहिलं. आता परत घेतला, तर उद्या इथे बसून लोकांना शब्दाचं काय सांगू?"

"पण ईदनंतर नातवाचं लग्न आहे." त्या घरातला प्रत्येक नवरदेव हाच खंजीर लावून बोहल्यावर चढला होता.

"खलास," शेखसाहेब म्हणाले आणि गोधडी गुंडाळून झोपायला गेले.

घरी रेखाने टॉवेलातली वस्तू पाहिली. "ह्या काय हाडलात?"

"खंजीर."

"कोणाचो?"

"शेखांचो होतो. आता आपलो."

"म्हणजे नोकरी गेली."

"गेली असती तर बरा होता," रविकांत म्हणाला.

रात्रभर विचार करून त्याने वाट काढली. शेखसाहेबांनी आपल्या घरी येऊन खंजिराची तारीफ करावी. आपण म्हणावं, न्या. शुक्रवारी त्याने त्यांना जेवायला बोलावलं आणि खंजीर समोरच्या भिंतीवर टांगला. शेखसाहेब बांगड्याचं तिखलं जेवले. दुपारचं ऊन खिडकीतून चांदीवर पडलं, आणि ते त्याच्याकडे बघता बघता कुठल्या कुठे निघून गेले.

"त्या गोधडीत झोपलो की रोज एकच स्वप्न पडतं," ते म्हणाले. "गवताचा समुद्र. घोडे. मी चालतोय, आणि कमर हलकी लागतेय."

रविकांत पुढे सरकला. "भिंतीवर काही आवडलं का, अर्बाब?"

खंजिराची तारीफ म्हणजे मागणंच. पण जेवलेल्या घरी काहीतरी वाखाणायला तर हवं. शेखसाहेबांनी मान वळवली. "पडदा छान आहे."

"न्या," रविकांतच्या तोंडून निघून गेलं. दिलेलं लोटायचं नाही, हे शेखसाहेबही आता शिकले होते. पडदा गेला. संध्याकाळी त्याच्या बदल्यात शेखसाहेबांकडून खजुराचं पोतं आलं.

पुढल्या शुक्रवारी तिखल्याचं पातेलं गेलं, त्याच्या पुढल्या शुक्रवारी भिंतीवरचं घड्याळ. दर वेळी एक पोतं येई. खंजीर जागच्या जागी.

"आणखी चार शुक्रवार बोलवा," रेखा म्हणाली. "मग आपण खजुरार झोपतलव."

"मी तरी काय करू? ते मागत नाय, आणि मी दिलो तर घेत नाय."

रेखा पोत्यावर बसून आहेराची खोकी बघत राहिली. "लग्नाक आहेर करुचो नाय काय?"

"करूक होयो."

"मग आजोबाक कित्याक देतात? नातवाक द्या. त्याने खय कोणाक दिल्यान हा? आणि आहेर कोण परत करता?"

एवढ्या वर्षांच्या जनसंपर्कात रविकांतला हे सुचलं नव्हतं. शिवांगीच्या लग्नातलं एक खोकं त्यांनी रिकामं केलं. वर लेमन सेटचं चित्र होतं.

लग्नाच्या सकाळी त्याने ते नवरदेवाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आत्ताच उघड, बाबा." पोराने उघडलं. शेखसाहेबांनी स्वतःच्या हाताने नातवाच्या कमरेला पट्टा बांधला. बांधायला फार वेळ लागला.

संध्याकाळी मस्कतजवळच्या अल अमेरातहून मुलीकडची मंडळी आली. नवरीचे वडील सबल्यात टेकले, त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड उघडलं. "वा, हा खंजीर तर फारच..."

सबला थिजला. शेखसाहेबांनी डोळे मिटले. नवरदेवाचा हात पट्ट्याकडे निघाला.

"यल्ला, जेवण वाढलंय," रविकांत ओरडला. जेवण अजून चुलीवर होतं. पाहुण्याला वाक्य मध्येच तोडायला लावून, त्याने व्याह्यांना दंडाला धरून उठवलं आणि रिकाम्या ताटांसमोर नेऊन बसवलं. तिथे बराच वेळ त्यांना बागेतल्या पाण्याबद्दल सांगत राहिला. इतकी बेअदबी त्या सबल्यात कोणी केली नव्हती. त्याबद्दल शेखसाहेबांनी त्याला कधीच विचारलं नाही. त्या रात्री मात्र त्यांनी मानाचा पहिला कहवा स्वतः ओतून त्याला दिला.

शेख मुहन्ना त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, खजूर उतरवायच्या दिवसांत, एका मंगळवारी दुपारी झोपेतच वारले. खंजीर तेव्हा नातवाकडेच होता.