दारासमोरच्या खिळ्यावरचा नान

"माणूस पायरी चढताना कोणता पाय आधी टाकतो, यावरून त्याच्या खिशात तिकीट आहे की नाही ते मी सांगतो. अख्ख्या ताश्कंदमध्ये माझ्या नजरेतून सुटलेला एकच माणूस, तो म्हणजे मी स्वतः. आणि तेही घरातला आरसा फुटलाय म्हणून."

होशिमकाका स्वतःची ओळख अशी करून देतात. ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ट्राम होत्या तोवर ते तिकीट तपासनीस होते. ट्राम बंद झाल्या, काकांचा तपास चालू राहिला. मागे त्यांनी शेजाऱ्यांची हरवलेली किटली शोधून काढली. ती काकांच्याच घरी होती, पण शोधली त्यांनीच, हे नाकारता येत नाही.

त्या सकाळी मी त्यांना बोलावलं, कारण दुसरं कुणी सुचेना. बाबांचा नान भिंतीवरून नाहीसा झाला होता, आणि आई दुपारी मावशीकडून परतणार होती.

आमचं घर म्हणजे पाहुण्यांना उतरायच्या चार खोल्या आणि अंगणात एक जर्दाळू. प्रवासाला निघणाऱ्याने नानाचा एक घास तोडायचा, उरलेला नान घरच्यांनी टांगून ठेवायचा, परत येऊन त्याने तो खायचा, हा आमच्याकडे रिवाज. बाबांनी तो पाहुण्यांनाही लावला. स्वयंपाकघराची एक भिंत अशा उष्ट्या नानांनी भरली आहे. कोणता कुणाचा, हे बाबांच्या डोक्यात असे. नावं लिहू म्हटलं की म्हणत, "नाव लिहिलं की संशय आला."

गेल्या शरदात फरगण्याला एका लग्नाला निघताना त्यांनी स्वतः एक घास घेतला. आईने तो नान दारासमोरच्या खिळ्याला टांगला. लग्नघरातच त्यांचं हृदय थांबलं. तेव्हापासून त्या नानाला आम्ही कुणी हात लावला नव्हता.

काकांनी रिकाम्या खिळ्याचा वास घेतला.

"फेकला नसणार," ते म्हणाले. "आपल्या शहरात माणूस सासऱ्याला घराबाहेर काढेल, पण नान फेकणार नाही. म्हणजे चोरी. समोरचा मिर्सोआत! त्याच्याकडे पाहुणे टिकत नाहीत. तुमची बरकत पळवली त्याने."

ते मिर्सोआतकडे गेले आणि बऱ्याच वेळाने ओठ पुसत परतले.

"निर्दोष आहे. पुलावात गाजर सढळ हाताने घालतो."

मग त्यांनी कबुतरावर संशय घेतला. तो माझ्या एका प्रश्नाने ढासळला: दोरी कबुतराने कशी सोडली? त्यावर काकांनी ताजा नान माझ्यापुढे धरला.

"मुअत्तर, चाव. तुझ्या दातांची खूण पाहिजे."

"ताडून कशाशी पाहणार, काका? नानच तर गेलाय."

"तपासात नात्याची मुलगी मदतीला घेऊ नये," असं म्हणून तो नान त्यांनी स्वतःच संपवला.

उरल्या दानुताबाई. पोलंडच्या निवृत्त संगीतशिक्षिका. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे राहून गेल्या होत्या, काल संध्याकाळी पुन्हा आल्या. बाबा गेल्याचं कळल्यावर बराच वेळ जर्दाळूखाली बसल्या होत्या.

"नानाचा शब्द काढायचा नाही," काकांनी मला बजावलं. "गुन्हेगार सावध होतो. मी आडून घेरतो." आणि ते स्वयंपाकघरात चहा घेत बसलेल्या दानुताबाईंसमोर जाऊन बसले. "बाई, विमानतळावरून कशा आलात?"

"बाहेर रस्त्यापर्यंत चालत गेले. भाडं आधी ठरवलं, मग बसले. भाईंनी सांगितलं होतं." बाबांना त्या भाई म्हणत.

"आणि पाणी?"

"उकळलेलं. नळाचं फक्त दात घासायला."

"रस्ता ओलांडताना?"

"एखादी आजी शोधायची आणि तिच्या मागोमाग जायचं. आजीसाठी सगळ्या गाड्या थांबतात."

"खरबूज?"

"कलिंगडानंतर कधीच नाही. आणि नान पालथा ठेवायचा नाही."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही बाई सुटली. भावाने सांगितलेली एकूण एक गोष्ट पाळते. अशा माणसाने चोरी करणं शक्य नाही. माझा संशय आता तुझ्यावर आहे."

तेवढ्यात फाटक वाजलं. आई खरबूज कडेवर घेऊन आत आली. तिने खरबूज ओट्यावर ठेवलं, दारासमोर पाहिलं. मग दानुताबाईंपुढच्या बशीतला चुरा पाहिला, मग त्यांच्याकडे.

"दानुता, नान खाल्लास?"

"खाल्ला, आपा. पहाटेच. चहात बुडवून." त्या हसल्या. "भाई म्हणाले होते, परत आलीस की कुणाला विचारायचं नाही, सरळ काढून खायचा. दारासमोरचा तुझा."

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

निघणाऱ्या पाहुण्याला बाबा सगळ्यात शेवटी ही सूचना देत, ती माझ्या लक्षात होती. त्यांच्यानंतर ती मी एकाही पाहुण्याला देऊ शकले नव्हते.

"तुझा मी खिडकीकडे सरकवला होता," आई हळूच म्हणाली. "ती जागा ह्यांच्या नानाला दिली."

दानुताबाईंचा रंग उतरला. त्या उठायला लागल्या. आईने खांद्याला धरून बसवलं.

"कडक होता?"

"फार. एक दात हलतोय, आपा."

आई हसली. कितीतरी महिन्यांनी. मग ओढणीच्या टोकाने डोळे पुसून म्हणाली, "माझ्याच्याने काढवत नव्हता गं तो. तू घरी परत आलीस, त्यांनी सांगितलं तसं बसून खाल्लास. बरं झालं. होशिम, तोंड मिट आणि खिडकीजवळचा काढ."

तो सहा वर्षांचा नान फोडायला बत्ता लागला. आम्ही चौघांनी तो चहात भिजवून खाल्ला. "पहिल्यापासून मला याच बाईचा संशय होता," असं काका तोंडात घास असताना म्हणाले.

आठवड्याने दानुताबाई निघाल्या. भाडं आधी ठरवा, पाणी उकळून प्या, हे मी सगळं सांगितलं, त्यांना ते पाठ असूनही. मग ताजा नान पुढे धरला. त्यांनी बऱ्या बाजूच्या दातांनी घास तोडला. मी दारासमोरच्या खिळ्याला दोरी बांधली.

"नाव लिही," काका मागून म्हणाले. "पुन्हा घोटाळा नको."

मी लिहिलं नाही.

"परत आलात," मी दानुताबाईंना म्हणाले, "की कुणाला विचारायचं नाही."