सर्वनाश, प्रवेश मोफत

आयुषची मागणी एवढीच होती की लोगो बघून माणसाच्या पोटात गोळा आला पाहिजे. गाणी अजून व्हायची होती. गाण्यांचं काय, ती होतातच! आधी लोगो, मग अल्बमचं कव्हर, मग पोस्टर, आणि त्यातून सवड मिळालीच तर चाल. बाभुळगावच्या या रॉक बँडचा कारभार हा असा होता. बँडचं नाव ‘ज्वालाग्राही’. ते आयुषला वणीच्या रस्त्यावर एका टँकरच्या मागे लिहिलेलं सापडलं होतं. आपल्याला ते आतून सुचलं, असं तो सगळ्यांना सांगे. अल्बमचं नाव ‘सर्वनाश’. बापाचं कृषी केंद्र भर बाजारात, आई गरम भाकर ताटात वाढते, गाडीत पेट्रोल बापाच्या पैशाचं, तरी या लेकाला जगाचा सर्वनाश हवा होता!

बाप म्हणजे रामराव. त्यांनी पोराला काय ते एकदाच सांगून टाकलं.

“हे पाय, यवतमाळच्या कार्यक्रमाले हॉल अर्धा जरी भरला, तं वाजव बापा जिंदगीभर. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही भरला, तं सोमवारपासून गुमान काउंटरवर बसाचं.”

“अर्धा? पूर्ण भरीन!”

“कायनं भरीन?”

“पोस्टरनं,” आयुष म्हणाला आणि गाडीला किक मारून यवतमाळला गेला.

यवतमाळात खेमसिंगचं डिझाइनचं दुकान होतं. खेमसिंगचा एक बाणा होता, नवीन काही काढायचं नाही. लग्नपत्रिकेतला गणपती वास्तुशांतीला, वास्तुशांतीतला कलश दुकानाच्या उद्घाटनाला, असा त्याचा संसार चाले. बाकी मुख्य धंदा बियाण्यांच्या पिशव्या आणि फवारणीच्या औषधांची लेबलं.

“फोटो कोणाकोणाचे टाकाचे?” खेमसिंगने विचारलं.

“एकाचाही नाही.”

“शुभेच्छुक?”

“अरे, रॉक आहे हे! मले दहशत पाह्यजे, दहशत.”

खेमसिंगने वाघ दाखवला. आयुष म्हणाला, जुना झाला. कवटी दाखवली. आयुष म्हणाला, कवटी तर शेंबडी पोरंही टी-शर्टवर घालतात. नाग झाला, गरुड झाला, आग ओकणारा बैल झाला. शेवटी खेमसिंग वैतागला आणि त्याने कुठलीतरी जुनी फाइल उघडली. स्क्रीनवर जे आलं ते पाहून आयुष खुर्चीतून उठलाच. गुलाबी, वळ्यावळ्यांचं अंग. काळपट तकतकीत डोकं. अंगावर केस आणि मिटायला आलेले जबडे.

“हे काय आहे?”

खेमसिंग सांगणारच होता. पण गिऱ्हाइकाचे डोळे भरून आलेले त्याने पाहिले, आणि अशा वेळी धंदेवाला माणूस बोलत नसतो. “तुमाले काय वाटते?” त्याने विचारलं.

“असुर! आपल्या आतला असुर!”

“मंग थोच आहे,” खेमसिंग म्हणाला आणि छपाईला लागला.

ती गुलाबी बोंडअळी होती. कापसाच्या बोंडात शिरून आतल्या आत सरकी फस्त करणारी, औषधाच्या लेबलासाठी भलीमोठी करून ठेवलेली. यवतमाळ जिल्ह्यात शाळकरी पोरगंही तिला ओळखतं. पण कृषी केंद्रवाल्याचे हे कुलदीपक वावरात कधी उतरले नव्हते, आणि बापाच्या दुकानात बसायची त्यांना लाज वाटायची.

पहिली ओळखली ती वैष्णवीने. ती या बँडमध्ये ड्रम वाजवायची आणि अक्कलही तेवढी तिच्याकडेच होती. पोस्टर दिसताक्षणी तिने फोन लावला.

“आयुष, हे अळी आहे बे!”

“असुर आहे.”

“माह्या काकाच्या वावरात बोंडाबोंडात असुर आहेत मंग. काढ थे पोस्टर!”

पण काढणार कुठून कुठून? खेमसिंगच्या पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाने चित्र पाहिलं आणि तो आपल्या नेहमीच्या वाटेने गेला. कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या भिंती, बाजार समितीचं फाटक, गावोगावच्या कृषी केंद्रांची दारं. कॉलेजकडे तो फिरकलाही नाही. अळीचं पोस्टर कॉलेजात कोण लावतं? वर ही भली थोरली अळी, खाली ‘सर्वनाश!’, त्याखाली ‘ज्वालाग्राही’, रविवार, हॉलचा पत्ता, प्रवेश मोफत. तेही ऐन बोंडं भरायच्या दिवसांत. आता शेतकऱ्याने यातून काय समजायचं?

“राहू दे,” आयुष म्हणाला. “कलेचा अर्थ ज्याचा त्यानं लावाचा असते.”

लोकांनी तो लावला. रामरावांच्या काउंटरवर गर्दी झाली. “रामरावभाऊ, थे ‘सर्वनाश’ आलं का?”

रामराव हे नाव जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. पोराने अल्बमचं नाव घरी सांगितलंच नव्हतं. दसऱ्याच्या तोंडावर असलं नाव आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. पण ‘माहीत नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मोबाइलवरचा फोटो त्यांनी चष्म्याशिवायच पाहिला, अळी तेवढी ओळखली.

“हाव, नवीन आहे. स्टॉक येऊन राह्यला. रविवारचा कार्यक्रम पाहून या पहिले, मंग माल आपल्याकडूनच न्या.”

दिवसभर येईल त्याला ते हेच सांगत राहिले. त्याच रविवारी पोराचाही कार्यक्रम आहे हे त्यांना आठवलं. सगळं गाव औषधाच्या कार्यक्रमाला जाणार, मग याच्याकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही, या विचाराने ते मनातून खूशच झाले.

रविवारी रिकामा हॉल डोळे भरून पाहायला रामराव यवतमाळला गेले, तर आत पाय ठेवायला जागा नाही! टोप्या, दुपट्टे, धोतरं. कित्येकांनी पिशवीत किडकी बोंडं आणलेली. रामरावांनी आता चष्मा लावला आणि स्टेजमागचं पोस्टर वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

आयुषला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्याने गिटार छेडली. पुढे जे झालं त्याला गाणं म्हणायचं तर म्हणा. आयुष ओरडत होता, गिटार त्याच्यावर ओरडत होती, आणि वैष्णवी दोघांवरचा राग ड्रमवर काढत होती. पुढच्या खुर्चीवर बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेला हरिसिंग होता. “याडी ए!” असा आईचा धावा करत त्याने कान झाकले. गाणं थांबताच तो उठला.

“वाजवणं झालं, साहेब. आता औषध दाखवा.”

“संगीत हेच औषध आहे, काका! हे तुमच्या आतल्या अंधाराशी बोलते!”

“अंधाराचं राहू द्या. अळी बोंडाच्या आत बसली, तिच्याशी कोण बोलीन?”

“एकरी किती टाकाचं?” मागून कोणीतरी ओरडलं.

हरिसिंगने एक बोंड फोडून स्टेजवर ठेवलं. आयुषने वाकून पाहिलं. आत त्याचा असुर वळवळत होता, बोटाच्या पेराएवढाही नव्हता. “हा तं... लोगो आहे,” तो माइकमध्ये पुटपुटला.

मग काय विचारता! “आमाले कायले बोलावलं मंग?” “दिवसभराची मजुरी बुडाली!” खुर्च्या सरकल्या, माणसं उठली. तेवढ्यात कोणाची तरी नजर मागे गेली. “हे रामरावभाऊ पाहा! यायनंच पाठवलं ना आपल्याले? स्टॉक येऊन राह्यला म्हणे!”

बापलेक दोघंही मार खायच्या बेतात होते. रामराव दाराकडे सरकले, पण दारातही माणसं होती.

“थांबा बे!” हरिसिंगने हात वर केला. त्याचा दुसरा हात अजून कानावरच होता. “हे रात्री वावरात भोंग्यावर लावलं तं? रानडुकरं फटाक्याले भेत नाहीत, पत्र्याले भेत नाहीत. पण हे आयकून कोणतं डुक्कर उभं राहीन?”

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. सगळ्यांनी आपापल्या वावराचा विचार केला.

“पुन्हा वाजवा,” एकजण म्हणाला. “मघाचंच. जोरात.”

आवाज भरून घ्यायला एका वेळी शेकड्याने मोबाइल वर झाले. आयुषला हुंदका आला. यालाच कीर्ती म्हणतात, असं त्याला वाटलं.

डुकरं खरोखर पळाली. हरिसिंगच्या वावरात तर फिरकलीच नाहीत. ‘सर्वनाश’ची मेमरी कार्डं रामरावांच्या कृषी केंद्रात भराभर खपायला लागली. कव्हरवरची अळी काढून खेमसिंगने रानडुक्कर टाकलं. ती फाइलही त्याच्याकडे तयारच होती. रामराव शब्दाचे पक्के निघाले. हॉल भरला होता, त्यामुळे पोराला काउंटरवर बस असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पण गिऱ्हाईक विचारायचं, कोणतं गाणं कशाला चालतं? ते रामरावांना कुठलं सांगता येणार! शेवटी पुढच्या सोमवारपासून आयुषलाच काउंटरवर बसावं लागलं.

“डुकराले पहिलं गाणं चालते म्हणता,” एका गिऱ्हाइकाने विचारलं. “नीलगाईले कोणतं?”

रामराव गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत होते.

“तिसरं लावा,” आयुष म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. “दुसरं नका लावू, काका. त्याले थोडीशी चाल लागली आहे. नीलगाई आयकत उभ्या राह्यतात.”