फळीवरील उभ्या स्वारीची हकीकत

श्रीसागर प्रसन्न असो, सांगणाराची जीभ आणि ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके सोळाशे नव्व्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरी, कार्तिक मासी, दर्या निवळला असता एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. महाराजांचे मनी आले की, होडीत बसोन वल्हवावे हे कोणीही करील, राजाने फळीवर उभे राहोन, हाती लांब वल्हे घेऊन कोसभर दूर जलदुर्गी जावे आणि येता लाटेवर स्वार होऊन प्रजेसमक्ष किनारी उतरावे. मग राजसुतार धाकू मेस्त्री यांस आज्ञा केली, "एकच फळी करणे. जाता दमवू नये, येता बुडवू नये. न साधल्यास सुतारकीचे वतन जप्त."

 लांब, अरुंद आणि तळास सपाट फळी थोडक्या वल्ह्यात नीट जाते, परंतु लाटेवर नाक खुपसते, आणि आखूड, रुंद, टोकांस बाकदार फळी लाटेवर खेळते, परंतु वल्हविता तोंड इकडे तिकडे फिरवीत कोसाचे दोन कोस करिते, हे मेस्त्री जाणोन होते. घरी येवोन बायकोस म्हणाले, "एका म्यानात दोन तरवारी मागतत."

ती बोलिली, "मागतत तर द्या. वतन गेला तर पोरांका काय घालू?"

मग हलका पांगारा आणोन सात हात फळी केली, मध्ये पोळपाटासारखी सपाट, नाक उचललेले, शेपूट निमुळते आणि किंचित वर. मध्ये उभे राहिल्यास ती सरळ चाले, आणि लाट येता एक पाऊल मागे सरकल्यास शेपूट दबोन नाक वर येई. मेस्त्रींनी स्वतः चढोन पाहिले, साधले, आणि ते एकटेच हसले.

नेमल्या दिवशी महाराज दुर्गास न दमता गेले आणि दरबाराने वाहवा केली. मग परतताना लाट आली, तेव्हा मेस्त्री किनाऱ्यावरून ओरडले, "महाराज, एक पाऊल मागे!" आणि साऱ्या सभेने कानांवर हात ठेविले. कारण त्या घराण्याचा नेम की राजा पाऊल मागे घेत नाही, जेवणाचा पाट मागे मांडिला गेला तरी पाटच पुढे सारितात. महाराज अचल राहिले, फळीने नाक खुपसले, महाराज एकीकडे आणि पगडी दुसरीकडे. ऐसे तीन वेळा जाहले. मग नाकातोंडातील पाणी आवरीत महाराजांनी फळी खोटी ठरविली आणि वतनजप्तीची आज्ञा केली. मेस्त्रींस वतनाचे दुःख जाहलेच, परंतु चांगल्या फळीस खोटी म्हटले हे अधिक लागले. तेणेकरोन ते हात जोडोन बोलिले, "महाराजांचे मुख प्रजेकडे. लाट पाठीवर चालोन येते, म्हणजे गनीम पाठीशी. मग मागले पाऊल म्हणजे गनिमावर चाल नव्हे काय?" सभेने दरबारच्या शास्त्रीबोवांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटोन विचार केला, मग ते म्हणाले, "यास आधार आहे."

मग महाराजांनी पुन्हा फळीवर चढोन, लाट येता गनिमावर एक पाऊल चाल केली, नाक वर आले आणि स्वारी लाटेवरोन थेट वाळूत उतरली. नगारे वाजले. शास्त्रीबोवांस शालजोडी मिळाली, मेस्त्रींचे वतन राहिले. महाराज म्हणाले, "फळीचे काय ते विशेष? लाट आमच्या पावलाने जिंकिली." मग आज्ञा जाहली की फळीवर अक्षरे कोरावी, 'महाराज कधी मागे सरले नाहीत.'

ती मेस्त्रींनीच कोरिली, शेपटाकडे, मागले पाऊल पडते नेमके तेथे, आणि खोल कोरिली, जेणेकरोन पाय घसरू नये. एवंच, स्वारी पुढे कैक वर्षे सुखरूप चालली, आणि फळी उत्तम होती ऐसे कोणी म्हटल्याचे दफ्तरी आढळत नाही.